आला नाही, म्हणजे लबाड होता

जानेवारी १८७७. पुणे, सोलापूर, नगर या जिल्ह्यांतल्या दुष्काळी कामांवरून माणसं निघून जाऊ लागली. एखाददुसरी नव्हे, हजारांनी. आदल्या वर्षी पाऊस गेला होता, पिकं बुडाली होती, ज्वारीचे भाव हाताबाहेर गेले होते. सरकारनं रस्ते, तलाव, कालवे अशी कामं काढली होती. तिथं खडी फोडून, माती वाहून ही माणसं जेमतेम तग धरून होती. आणि आता तीच माणसं पाट्या खाली टाकून घराकडे चालू लागली होती.

उपाशी माणूस हातातलं काम सोडून का जाईल?

या प्रश्नाची तेव्हा दोन उत्तरं दिली गेली. सरकारी अधिकाऱ्यांचं उत्तर असं, की यांना खरी गरज नव्हतीच. गरज असती तर थांबले असते. पुण्याच्या सार्वजनिक सभेचं उत्तर वेगळं होतं. मजुरी इतकी कमी केलीय की राबणाऱ्याचं पोट भरत नाही, आणि काम इतकं लांब नेलंय की तिथं जाणं म्हणजे घरदार मोडणं. म्हणून ते गेले.

दीडशे वर्षं होत आली. रेशनकार्ड रद्द होतं, खात्यात येणारे पैसे अचानक थांबतात, ‘अपात्र’ असा शिक्का बसतो, तेव्हा आजही हीच दोन उत्तरं समोरासमोर उभी असतात. मदत घेणाऱ्यांतला लबाड शोधायला सरकार एक चाळणी लावतं. चाळणीतून काही माणसं गळतात. जी गळली ती लबाड होती, की ती चाळणीच पार करू शकली नाहीत? हे शोधायला कुणीतरी त्यांच्या घरी जावं लागतं. आणि इतिहासात बहुतेक वेळा कुणी गेलेलं नाही.

आपोआप चालणारी चाळणी

ही चाळणी तयार झाली इंग्लंडमध्ये. तिथं गरिबांना मदत देण्याची जबाबदारी शेकडो वर्षं गावाच्या पॅरिशवर, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीवर होती. पॅरिश घरोघरी कर गोळा करायचं आणि म्हातारे, आजारी, बेकार, कमी मजुरीवाले अशांना पैसे किंवा भाकरी द्यायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खर्च वाढत गेला तशी कर भरणाऱ्यांची कुरकुरही वाढली. आळशी माणसं आयतं खातात, ही तक्रार सगळीकडे ऐकू येऊ लागली.

१८३२ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल लिहिण्यात नसाऊ सीनियर हे अर्थतज्ज्ञ आणि एडविन चॅडविक हे दोघे पुढे होते. त्यांच्यापुढचा पेच खरा होता. देशभरातल्या लाखो माणसांतला खरा गरजू कोण आणि ढोंगी कोण, हे ठरवायचं कसं? प्रत्येकाची चौकशी करायला माणसं कुठून आणायची?

त्यांनी काढलेला तोडगा हुशार होता. चौकशी करायचीच नाही. मदतच इतकी नकोशी करून ठेवायची, की ज्याच्यापुढे दुसरा कोणताही मार्ग उरलेला नाही तोच ती मागेल. १८३४ च्या कायद्यानं धडधाकट माणसाला घरी मदत देणं बंद करायचं ठरवलं. मदत हवी असेल तर ‘वर्कहाउस’मध्ये राहायला या. तिथं नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, मुलं तिसरीकडे. अंगावर गणवेश. काम म्हणजे दगड फोडणं, जुने दोरखंड उसवणं, खतासाठी हाडं कुटणं. तत्त्व असं, की आत राहणाऱ्याची अवस्था बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीनं हे यंत्र आपोआप चालणारं होतं. आत आला तो खरा गरजू. दारातून परत गेला तो ढोंगी. कारकुनाला विचार करायची गरज नाही.

१८४५ मध्ये अँडोव्हर गावच्या वर्कहाउसमधली बातमी बाहेर आली. तिथं हाडं कुटायला बसवलेली भुकेली माणसं त्याच हाडांना चिकटलेलं सडकं मांस आणि आतला मगज खात होती. देशभर संताप झाला, चौकशी झाली, आणि १८४७ मध्ये या कायद्याचा कारभार पाहणारं आयुक्त मंडळ बरखास्त करून नवं मंडळ आणलं गेलं. पण वर्कहाउसं बंद झाली नाहीत. त्यांच्यामागचा विचार जहाजात बसून हिंदुस्थानातही आला.

टेंपलसाहेबांचे दोन दुष्काळ

सर रिचर्ड टेंपल या माणसाची गोष्ट इथं सांगायलाच हवी. कारण तो आधी याच विचाराच्या विरुद्ध वागला होता.

१८७३-७४ मध्ये बिहार-बंगालकडे दुष्काळाची चिन्हं दिसली. टेंपल तिथं नायब गव्हर्नर होते. सरकारनं हात आखडला नाही. ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आणला, गावोगाव पोचवला, कामं काढली, काम न करू शकणाऱ्यांना फुकट धान्य दिलं. परिणाम असा, की उपासमारीनं जवळजवळ कुणीच मेलं नाही.

यासाठी शाबासकी मिळायला हवी होती. मिळाल्या शिव्या. इतका खर्च कशाला केला? माणसं मेलीच नाहीत, म्हणजे दुष्काळ तेवढा मोठा नव्हताच! लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’नंही टीका केली. माणसं वाचली, हाच उधळपट्टीचा पुरावा ठरला.

टेंपल धडा शिकले. पण भलताच.

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये गेला. मुंबई इलाख्याचे दक्षिणेकडचे जिल्हे, मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद असा प्रचंड पट्टा होरपळला. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करणारा दरबार भरला होता. त्याच महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी टेंपल यांना खास दुष्काळ प्रतिनिधी म्हणून दक्षिणेत पाठवलं. सोबतच्या सूचनांचा मथितार्थ असा होता: कितीही खर्च आला तरी प्रत्येक जीव वाचवायचा, हे सरकारच्या आवाक्यातलं काम नाही. मदत लागेलच, पण ती खऱ्या गरजूंपुरती हवी आणि कमीत कमी खर्चात हवी.

बिहारमध्ये उधळ्या ठरलेला माणूस आता आपण किती काटकसरी आहोत हे दाखवायला निघाला होता.

एक पौंड आणि दहा मैल

टेंपल यांनी आखून दिलेली मजुरी पुढे ‘टेंपल वेज’ म्हणून कुप्रसिद्ध झाली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, आणि वर थोडे सुटे पैसे. बायकांना आणि मुलांना त्याहून कमी. एक पौंड धान्यातून सुमारे १,६०० कॅलरी मिळतात. तुमच्या फोनवरच्या फिटनेस ॲपमध्ये ‘दिवसभर खडी फोडणारा पुरुष’ अशी नोंद करून बघा. ॲप याच्या जवळपास दुप्पट आकडा सांगेल.

हे तेव्हा कुणाला कळत नव्हतं असंही नाही. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश यांनी स्पष्ट लिहिलं होतं, की राबणाऱ्या माणसाला किमान दीड पौंड धान्य आणि सोबत डाळ-भाजी लागतेच. एवढ्याशा शिध्यावर माणूस हळूहळू खंगत मरतो. टेंपल यांचं म्हणणं होतं, की एका पौंडात भागतं का ते करून पाहायला हरकत नाही. हा प्रयोग लाखो लोकांवर चालू होता. काही महिन्यांत मद्रास सरकारनं शिधा थोडा वाढवला. तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं.

दुसरी चाळणी अंतराची. मुंबई इलाख्यात दोन प्रकारची कामं होती. एक गावाजवळची छोटी कामं. ती मामलेदार आणि त्यांच्यासारखे मुलकी अधिकारी बघायचे, तिथं कामाची सक्ती कमी होती. दुसरी सार्वजनिक बांधकाम खात्याची मोठी कामं. ती लांब होती, तिथं छावणीत राहायचं आणि ठरलेलं काम पुरं करायचं. जवळच्या कामांवर गरज नसलेले लोक गर्दी करतात, असा सरकारला संशय होता. म्हणून तिथली मजुरी खाली आणली आणि धडधाकट माणसांना लांबच्या कामांवर जायला सांगितलं. घरापासून दहा मैलांच्या आत काम द्यायचं नाही, हे या दुष्काळातलं एक सूत्र होतं. त्याला नाव होतं अंतराची परीक्षा. जो घर सोडून दहा मैल जाईल तोच खरा भुकेला.

दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर. फोनच्या हिशेबात वीस हजारांहून जास्त पावलं.

आता त्या घरात डोकावून बघा. नवरा-बायको अंगानं धड आहेत. घरी म्हातारी आई आहे, तिला चालवत नाही. एक पोर अंगावर पितंय. बैलजोडीतला एक बैल अजून जिवंत आहे आणि पुढच्या मृगात तो नसेल तर शेत पडीक राहणार. दोघं छावणीवर गेले तर आईला कोण बघणार, बैलाला पाणी कोण पाजणार? आईला सोबत न्यावं तर वाटेतच तिचं काही झालं तर? शिवाय अशा छावण्यांमध्ये पटकी झपाट्यानं पसरायची. या सगळ्या विचारानं हे जोडपं गावातच थांबलं, तर सरकारी नोंदीत त्याचा अर्थ एकच: काम देऊ केलं, घेतलं नाही.

या चाळणीतून नेमकं कोण पार व्हायचं हेही बघा. ज्याच्या अंगात चालण्याची ताकद उरलीय तो. एकटादुकटा, मागे कुणी नसलेला. म्हणजे त्यातल्या त्यात बरा. सगळ्यात जास्त गरज ज्याला होती तोच आधी गळायचा. लबाड ओळखायला लावलेली परीक्षा प्रत्यक्षात फक्त ताकद मोजत होती.

सभेनं काय केलं

माणसं कामावरून निघून गेली तेव्हा अधिकाऱ्यांनी समाधानानं नोंद घेतली, की मजुरांची संख्या घटली. आकडे खाली आले. खर्च वाचला. परीक्षा यशस्वी झाली.

पुण्यात सार्वजनिक सभेला स्थापन होऊन तेव्हा सात वर्षं होत आली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे ‘सार्वजनिक काका’, हे सभेचे प्राण. दिल्ली दरबाराला ते सभेचे प्रतिनिधी म्हणून हातानं विणलेल्या खादीच्या पोशाखात गेले होते. सभेच्या लिखाणामागचं डोकं न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं. ते स्वतः सरकारी नोकरीत होते, हे लक्षात ठेवायला हवं.

सभेनं एक साधी गोष्ट केली. तिनं आपली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवली, गावांतून माहिती मागवली आणि ती सविस्तर लिहून एकामागून एक पत्रांतून सरकारला कळवली. कुठल्या भागात किती पीक आलं, धान्याचा भाव काय, मजुरीत किती धान्य येतं, माणसं काम सोडून का गेली, गेल्यावर त्यांचं काय झालं. मजुरी वाढवा, गावाजवळची कामं बंद करू नका, अशी तिची मागणी होती. काम सोडून जाणाऱ्या मजुरांमागेही सभा उभी राहिली. दुष्काळात मजुरांनी एकजुटीनं दिलेला हा नकार बऱ्याच इतिहासकारांनी संप म्हणूनच नोंदवलाय.

सभेच्या पत्रांमधली कळकळ तर मोठी आहेच, पण त्याहून मोठी आहे ती हिशेबाची पद्धत. सरकार फक्त हजेरीपटावरची नावं मोजत होतं. सभा हजेरीपटावरून गळलेली नावं मोजत होती. कामावर आला नाही तो कुठे आहे, हे ती घरी जाऊन विचारत होती.

सरकारवर तात्काळ फारसा परिणाम झाला नाही. टेंपल वसंतात मुंबईचे गव्हर्नर झाले. १८७६-७८ च्या या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली, असा अंदाज आहे. याच होरपळीतून १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड उभं राहिलं. १८८० मध्ये रिचर्ड स्ट्रॅची यांच्या दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून पुढे फॅमिन कोड तयार झाले. दुष्काळात मदत कधी, कुणाला, कशी द्यायची याचे नियम पहिल्यांदाच कागदावर आले. पण कामाच्या बदल्यात जगण्यापुरती मजुरी, ही चाळणी कायम राहिली. दौंड-मनमाड रेल्वेनं तुम्ही गेला असाल, नीरा कालव्याचं पाणी पाहिलं असेल, तर ही कामं त्याच दुष्काळातल्या हातांनी उभी राहिली आहेत.

अंतर उलटं फिरलं

पुढची गोष्ट ऐकून थोडं बरं वाटेल.

१९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांना आठवतो. सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडणारे हात. त्या काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे ५० लाख माणसं होती. कामं गावांच्या जवळ काढावीत, मजुरी वेळेवर मिळावी, यासाठी मोर्चे निघाले. त्याआधी १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ‘मागेल त्याला काम’ हा प्रयोग सुरू केला होता. त्यातून रोजगार हमी योजना वाढली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

या वाटेनं पुढे २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा आला. त्यात एक तरतूद होती. काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यायचं. त्याहून लांब दिलं तर दहा टक्के जास्त मजुरी द्यायची.

१८७७ मध्ये अंतर ही गरिबाची परीक्षा होती. २००५ मध्ये तेच अंतर सरकारची चूक ठरलं आणि तिची भरपाई मजुराला मिळू लागली. ‘जवळ काम द्या’ ही सार्वजनिक सभेची मागणी कायद्याच्या भाषेत यायला १२८ वर्षं लागली.

रोजगार हमीत चोरी झाली का? झाली, आणि भरपूर झाली. मस्टरवर खोटी नावं, न झालेल्या कामांची बिलं, मेलेल्या माणसांची हजेरी. पण मस्टर भरणारा हात मजुराचा नसतो. ते मुकादम भरतो, कारकून तपासतो, वरचा साहेब सही करतो. उन्हात माती वाहणाऱ्या बाईला खोटं मस्टर भरता येत नाही. तरी चोरी पकडायची म्हणून आणलेली प्रत्येक नवी अट, मग तो अंगठा असो, फोटो असो की ऑनलाइन हजेरी, आधी तिच्याच अंगावर येते. मशीन चाललं नाही की तिची मजुरी अडकते. मुकादमाची नाही.

परीक्षा घेणारा संगणक

हा ब्रिटिश राजवटीचा किंवा गरीब देशांचाच रोग आहे असं वाटत असेल, तर अलीकडची दोन उदाहरणं बघू. दोन्ही श्रीमंत देशांतली, दोन्ही संगणकाच्या काळातली.

नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या आई-वडिलांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी भत्ता मिळतो. २०१३ मध्ये बातमी फुटली, की परदेशातल्या टोळ्या खोटे पत्ते देऊन सरकारी भत्ते लाटत आहेत. फसवणूक खरी होती. संसदेत आरडाओरडा झाला आणि कर खात्यानं चाळणी घट्ट केली. कुणाचा अर्ज संशयास्पद हे ठरवायला स्वतः शिकत जाणारी संगणक प्रणाली आली. त्यात अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही संशयाचा एक निकष होता.

संशय आला की पूर्ण फाइल तपासायची. एखादी सही राहिली, स्वतःच्या वाट्याची छोटी रक्कम भरायची राहिली, तर तेवढीच वसुली करायची असा नियम नव्हता. पूर्ण वर्षाचा भत्ता परत मागायचा. कित्येक कुटुंबांकडे हजारो युरोंची मागणी आली. त्यावर ‘जाणूनबुजून केलं’ असा शेरा पडला की हप्ते पाडून फेडायची सोयही बंद. हजारो पालक कर्जात बुडाले, घरं गेली, संसार मोडले. अशा कुटुंबांतली हजाराहून जास्त मुलं सरकारनं आई-वडिलांपासून काढून दुसरीकडे ठेवली, हे नंतर आकडेवारीतून उघड झालं. आपली फाइल मागणाऱ्या पालकांना काळ्या शाईनं झाकलेली पानं मिळाली.

पीटर ओमत्सिख्त आणि रेन्स्के लेइतेन हे दोन खासदार आणि काही पत्रकार वर्षानुवर्षं मागे लागले. डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता ‘अभूतपूर्व अन्याय’. १५ जानेवारी २०२१ ला पंतप्रधान मार्क रुटे यांच्या पूर्ण मंत्रिमंडळानं राजीनामा दिला.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. तिथं बेकार भत्त्याचा हिशेब दर पंधरवड्याला होतो. त्या पंधरवड्यात कमाई झाली तर भत्ता कमी. २०१५ पासून सरकारनं कर खात्याकडची वर्षाची कमाई घेऊन ती भत्त्याच्या नोंदींशी ताडायला सुरुवात केली आणि लवकरच हे काम संगणकाकडे गेलं. लोकांनी त्याला नाव दिलं ‘रोबोडेट’.

यातली चूक पाचवीतल्या मुलालाही कळेल. समजा, एका माणसानं सहा महिने नोकरी करून २६,००० डॉलर कमावले. मग नोकरी गेली आणि उरलेले सहा महिने त्यानं भत्ता घेतला. सगळं नियमानं. संगणकानं काय केलं? २६,००० ला २६ पंधरवड्यांनी भागलं आणि म्हटलं, हा माणूस वर्षभर दर पंधरवड्याला १,००० डॉलर कमवत होता. म्हणजे बेकार असताना यानं खोटं सांगितलं. काढा वसुली.

माणसानं आता आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायचं. कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधायच्या. तो मालक, ते हॉटेल, ते दुकान कधीच बंद झालेलं. पत्र जुन्या पत्त्यावर गेलेलं. उत्तर आलं नाही, की संगणकाचा आकडा कायम. चार लाखांहून जास्त लोकांवर अशी खोटी कर्जं लादली गेली. २०१९ मध्ये प्रकरण न्यायालयात गेल्यावर सरकारला ही पद्धत बेकायदा असल्याचं मान्य करावं लागलं. २०२३ मध्ये कॅथरीन होम्स यांच्या रॉयल कमिशननं योजना क्रूर आणि अन्याय्य असल्याचं नोंदवलं. त्या आयोगापुढे दोन आयांनी साक्ष दिली. वसुलीच्या नोटिसा मागे लागलेल्या त्यांच्या तरुण मुलांनी आत्महत्या केल्या होत्या.

इथंही दख्खनमधलंच गणित आहे. तिथं कामावर आला नाही तो लबाड. इथं उत्तर दिलं नाही तो लबाड.

गळलेल्या नावांचा हिशेब

आपल्याकडची एक मोजणी सांगतो. आधार जोडणीच्या धामधुमीत झारखंडमध्ये हजारो रेशनकार्डं ‘बोगस’ म्हणून रद्द झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधार न जोडल्यामुळे तिच्या घरचं कार्ड आधीच कटलं होतं. ती भुकेनं गेली असं आई सांगत होती. आजारानं गेली असं सरकार सांगत होतं. या वादानंतर काही अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ ते २०१८ मधल्या रद्द कार्डांचा घरोघरी जाऊन शोध घेतला. दहांतली जवळपास नऊ कार्डं खऱ्या, अस्तित्वात असलेल्या कुटुंबांची निघाली.

फसवणूक होतच नाही, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेच्या पडताळणीत २०२५ मध्ये हजारो पुरुष आणि सरकारी नोकरीतल्या महिला लाभ घेताना सापडल्या. हा पैसा कुणाच्या तरी तोंडचा घास आहे आणि तो परत आलाच पाहिजे. चोरी चालू राहिली तर योजनेवरचा लोकांचा विश्वास उडतो. त्याचाही फटका शेवटी गरिबालाच बसतो.

पण चोर सुटणं ही एक चूक आणि भुकेला गळणं ही दुसरी चूक. पहिलीची बातमी होते, आकडा जाहीर होतो, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. दुसरीचा आकडाच नसतो. उलट ती पहिलीच्या खात्यात जमा होते. गळलेला प्रत्येक गरजू ‘पकडलेला बोगस’ म्हणून मोजला जातो आणि चाळणी जितकी वाईट तितकं तिचं यश मोठं दिसतं. १८७७ मध्ये रिकाम्या झालेल्या कामांकडे बघून अधिकारी खूश झाले होते, ते याच हिशेबानं.

यावरचे उपाय काही गूढ नाहीत. नाव कापण्याआधी माणसाला कळवा आणि बोलायची संधी द्या. पुरावा मागणाऱ्यानं आणावा, पुस्तकातल्या चुकीला लबाडी म्हणू नये, वसुली चुकीएवढीच करावी. आणि कापलेल्या नावांतली काही नावं चिठ्ठ्या टाकून काढून त्या घरांत माणूस पाठवावा. हे शेवटचं काम सगळ्यात स्वस्त आहे. पुण्यातल्या एका सभेनं ते बैलगाडीच्या काळात करून दाखवलं होतं.

पुढच्या वेळी फोनवर बातमी येईल, ‘इतके लाख बोगस लाभार्थी वगळले’. आकडा मोठा असेल. तो वाचून झाला की एवढंच विचारा: यातल्या किती घरांचं दार कुणी वाजवलं?